छोट्या बाथरूममधला वॉक-इन शॉवर: आधी उतार, मग काच

आमचं बाथरूम चार फूट बाय सात फूट. पुण्यात सिंहगड रोडवरची नव्वदच्या दशकातली सोसायटी, सगळ्यात वरचा मजला. दारातून आत शिरलं की डावीकडे बेसिन, त्यापुढे कमोड आणि टोकाला खिडकीखाली आंघोळीची जागा. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं फोडून नव्याने केलं आणि दार नसलेला, एकाच स्थिर काचेचा वॉक-इन शॉवर बसवला. त्यानंतर पावसाळा, थंडी आणि टँकरचे महिने असे सगळे ऋतू त्याने बघितले. घरात आम्ही दोघं, कॉलेजला जाणारा मुलगा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. चौघांच्या सवयी चार तऱ्हेच्या, त्यामुळे परीक्षा चांगली झाली आहे.

निकाल आधीच सांगून टाकते. छोट्या बाथरूमला हाच प्रकार घ्या. फक्त पैसे आणि लक्ष आधी जमिनीत घाला. काच निवडायला दुकानात गेलात आणि फरशीचा उतार मिस्त्रीच्या मर्जीवर सोडलात, तर कितीही भारी काच लावा, कमोडपाशी पाणी साचणारच.

आम्ही बघितलेले पर्याय आधी. शोरूममध्ये पहिल्यांदा दाखवतात तो तीन फूट बाय तीन फुटांचा क्युबिकल, म्हणजे बिजागरीच्या दाराची काचेची बंद खोकी. दिसायला छान, पण आमच्याकडे ते दार बाहेर उघडलं की कमोडला थडकत होतं आणि आत उघडलं तर आतल्या माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं असतं. शिवाय आत कोणी घसरून दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर या एका कारणासाठी तो प्रकार बाद करा. सरकत्या दाराला जागा कमी लागते, पण खालच्या रुळात साबण, केस आणि क्षार साठतात आणि आपल्या पाण्यात त्याची चाकं जड होत जातात. प्लॅस्टिकचा पडदा सगळ्यात स्वस्त. भाड्याच्या घरात राहत असाल तर पडदाच लावा, त्यात कमीपणा काही नाही. तो पायांना चिकटतो आणि पावसाळ्यात खालच्या कडेला काळी बुरशी धरते, पण बदलायला फार खर्च येत नाही. स्वतःच्या घरात, कायमचं करायचं असेल तर एक स्थिर काच, बाजूला मोकळी वाट, आणि दार नाही.

आता जमीन. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. वर्षानुवर्षं फटींमधून झिरपलेलं पाणी त्या भरावात मुरतं आणि एक दिवस खालच्या घराच्या छताला ओल दिसते. आमच्या मिस्त्रींनी भराव उपसला तेव्हा तळाचा थर ओलाच होता. म्हणून आहे त्या फरशीवर नवी फरशी चिकटवून शॉवर करून देतो असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. वॉक-इनमध्ये पाणी अडवणारा कट्टा नसतो, सगळी मदार खालच्या वॉटरप्रूफिंगवर असते.

आम्ही भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा (कोपरा भरणारी गोलसर पट्टी) मारून घेतला आणि मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, एक आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. आंघोळीच्या भागात ते भिंतीवर सहा फुटांपर्यंत चढवले, बाकी भिंतींना फूटभर. त्यानंतर नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारली आणि ४८ तास तसंच ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्या दिवसातून दोनदा छताला हात लावून बघायच्या. ही चाचणी फरशी बसायच्या आधी करायची. मिस्त्री घाई करतात, कारण त्यांचे दोन दिवस रिकामे जातात. त्या दोन दिवसांची मजुरी द्यावी लागली तरी द्या.

उताराबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. आमच्या आंघोळीच्या भागाची आतपर्यंतची लांबी सुमारे ३४ इंच आहे. तिथे ६० ला १ असा उतार दिला, म्हणजे शेवटापर्यंत साधारण दीड सेंटिमीटर. उरलेल्या कोरड्या भागालाही सपाट ठेवलं नाही, १०० ला १ असा हलका उतार आंघोळीच्या दिशेनेच दिला. त्यामुळे काचेच्या बाहेर उडालेले थेंबसुद्धा पाय न लावता मागे सरकतात. याहून जास्त उतार देऊ नका, स्टूल डुगडुगतं आणि म्हाताऱ्या माणसाला तोल सांभाळताना त्रास होतो.

कोपऱ्यातली गोल जाळी काढून आम्ही खिडकीच्या भिंतीलगत लांब चॅनल, म्हणजे वर पट्टी असलेली पाणी वाहून नेणारी पन्हळ, टाकला. फायदा असा की उतार एकाच दिशेला द्यावा लागतो. गोल जाळी असेल तर चारही बाजूंनी पाणी तिच्याकडे आणायचं, म्हणजे फरशीला तिरके काप, जास्त सांधे, आणि दोन उतार मिळतात तिथे हमखास थबकणारं पाणी. चॅनलची पट्टी उचलून केस काढायला सोपं जातं. चॅनलखालचा ट्रॅप मात्र नीट बघून घ्या. त्यात किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. गावाला जाऊन पंधरा-वीस दिवसांनी परतलात आणि बाथरूमला वास आला तर घाबरू नका, ते पाणी आटलेलं असतं. मगभर पाणी ओतलं की काम झालं.

फरशी बसल्यावर, ग्राउट (टाइलमधल्या फटींत भरायचा मसाला) भरायच्या आधी, बादलीभर पाणी दारापाशी ओता आणि उभे राहून बघा. आमच्याकडे कमोडच्या पायथ्याशी वाटीएवढं पाणी थांबलं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, वाळून जाईल ते." मी त्या दोन टाइल उचलायला लावल्या. ओला मसाला होता म्हणून अर्ध्या तासात निघाल्या. दुसऱ्या दिवशी ते शक्य झालं नसतं.

टाइल घेताना दुकानात चपला काढून, ओल्या पायाने उभं राहून बघा. गुजरातमधल्या मोरबीचा माल सगळीकडे मिळतो, प्रकार शेकड्यांनी आहेत, पण बहुतेक नमुने गुळगुळीत चकचकीत. आम्ही १२ बाय १२ इंचाची मॅट, बारीक खरखरीत टाइल घेतली. टाइलच्या माहितीपत्रकात आर १० किंवा आर ११ असं घसरणरोधाचं मानांकन लिहिलेलं असतं. आर ११ जास्त पकड देते, पण तिच्यात मळही जास्त धरतो आणि ब्रशने घासावं लागतं. आम्ही आर १० वर थांबलो. दिवाळीत पहाटे तेल-उटण्याची अंघोळ झाली, चौघांचं तेल त्याच फरशीवर सांडलं, तरी पाय सरकला नाही. नंतर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने एकदा घासून घ्यावी लागली, इतकंच. ग्राउट इपॉक्सीचंच घ्या. महाग आहे, पण सिमेंटचं ग्राउट आपल्याकडे सहा महिन्यांत काळं पडतं.

शॉवर कुठल्या भिंतीवर लावायचा हे काचेइतकंच महत्त्वाचं. बहुतेक जण समोरच्या, खिडकीच्या भिंतीवर लावतात आणि मग पाण्याचा झोत सरळ वाटेकडे येतो. आमची काच डाव्या भिंतीला आहे, वाट उजवीकडे. म्हणून शॉवरही डाव्या भिंतीवर, काचेच्या आड घेतला. पाणी पडतं ते काचेमागेच. पण नळ मात्र उजव्या भिंतीवर, वाटेला लागून. बाहेर उभं राहून हात घालायचा, गार पाणी जाऊ द्यायचं, कोमट झालं की आत शिरायचं. प्लंबर कुरकुरला, "ताई, पाइप उगाच एवढा फिरवायचा, जिथे शॉवर तिथे नळ असतो." मागच्या भिंतीतून सहा-सात फूट जास्तीचा पाइप लागला. डिसेंबरच्या सकाळी त्या पाइपाची किंमत कळते.

शॉवर किती मोठा घ्यावा, याचं उत्तर तुमच्या टाकीत आहे. दहा मीटर उंचीवर पाणी असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. आम्ही टाकीच्या अगदी खाली, जेमतेम तीन मीटरवर, म्हणजे ०.३ बार. बारा इंची रेन शॉवर शोरूममध्ये पंपावर धो-धो पडतो, आमच्याकडे त्यातून ठिबकलं असतं. घरच्या घरी तपासायचं तर २० लिटरची बादली शॉवरच्याच पाइपावर भरून बघा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर, उत्तम. तीन मिनिटांहून जास्त लागत असतील तर मोठ्या शॉवरचा नाद सोडा. आम्ही सहा इंची घेतला आणि जोडीला हँड शॉवर. प्रेशर पंप बसवता येतो, पण सोसायटीची परवानगी, आवाज आणि मुळात उन्हाळ्यात टाकीत पाणी किती, हे बघूनच ठरवा.

गिझरचंही गणित करून घ्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, आठवीच्या मुलांना हे उदाहरण घालते. १५ लिटरच्या गिझरमध्ये ६० अंशांचं पाणी आहे, नळाचं पाणी २० अंशांवर आहे, आणि अंघोळीला ४० अंशांचं हवं. दोन्ही सारखं सारखं मिसळायचं, म्हणजे मिळालं ३० लिटर. मिनिटाला ९ लिटरच्या शॉवरखाली ते सव्वातीन मिनिटांत संपतं. मग आतून ओरड सुरू होते. २५ लिटरच्या गिझरला जवळपास साडेपाच मिनिटं मिळतात. शॉवर घेताय तर १५ लिटरवर राहू नका.

आणि बादली. आपल्या घरांत शॉवर आला म्हणून बादली जात नाही, जाऊही नये. पाणीकपातीच्या आठवड्यात तिचाच आधार असतो. नव्या बाथरूमच्या चित्रांत तिला जागाच दिलेली नसते. आम्ही उजव्या भिंतीवर, फरशीपासून दोन फुटांवर, बादलीचा वेगळा नळ घेतला आणि त्याखाली बादली आणि स्टूल दोन्ही राहतील एवढी जागा मोजून ठेवली. सासूबाई स्टुलावर बसून, एका हाताने दांडा धरून, बादली-तांब्यानेच अंघोळ करतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी हँड शॉवरला हात लावला नाही. आता पाठीसाठी तोच लागतो. मला म्हणाल्या, "अगं, पूर्वी पाठ धुवायला तुला हाक मारावी लागायची, ते संपलं." मला या सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर याचं.

दांडा फरशीपासून ३४ इंचांवर, विटांच्या भिंतीत लांब स्क्रूने आवळून बसवलेला. टॉवेल अडकवायची नळी आधाराला चालत नाही, ती अंगाच्या भाराने उपटून येते. काचही आधाराला नसते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. कोणी वॉकर किंवा व्हीलचेअर वापरत असेल तर मोकळी वाट किमान ३२ इंच लागेल. चार फुटांच्या रुंदीत मग काचेला जेमतेम सव्वा फूट उरतो, तेवढ्यासाठी काच लावू नका, पडदा लावा.

आता काच. आमची २६ इंच रुंद, साडेसहा फूट उंच, ८ मिलिमीटर जाड, टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली. बाजूची वाट २२ इंच. १० मिलिमीटरची काच एका बाजूने मोकळी राहणार असेल तर जास्त ताठ वाटते, पण वजन बघा: दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो. आमची ८ मिलिमीटरची २६ किलोंची आहे, १० ची ३२ च्या वर गेली असती. इतक्या रुंदीला, वर भिंतीपर्यंत आधाराची नळी असेल तर ८ पुरते. टफन्ड काच साध्या काचेच्या चार ते पाच पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बोथट बारीक तुकडे होतात. पण भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून माप टाइल लागल्यावरच घ्यायचं, आणि एका ठिकाणी नाही: वर, मध्ये आणि खाली. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात. आमची भिंत वरच्या टोकाला आठ मिलिमीटर बाहेर होती. भिंतीलगतच्या, काच धरणाऱ्या यू आकाराच्या पट्टीत तेवढा फरक झाकला गेला.

काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा आणि आयएस २५५३ या मानकाचा न पुसणारा ठसा असतो, तो बघितल्याशिवाय काच घरात घेऊ नका. आणि कडा बोटांनी चाचपून बघा. दुकानाने पाठवलेल्या पहिल्या काचेच्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. बसवणारा म्हणाला, सिलिकॉनमध्ये झाकून जाईल. टफन्ड काचेचं सगळं बळ आतल्या ताणावर असतं आणि कड हीच तिची कमजोर जागा. टवका उडालेली काच पुढे कधीतरी कारण नसताना फुटू शकते. मी ती परत पाठवली. दुसरी यायला तीन आठवडे लागले, दुकानाचे फोन उचलणं बंद झालं, आणि तेवढे दिवस आम्ही पडदा लावून काढले. दुकानाला सेवेबद्दल पाचपैकी दोन. ज्या कारागिराने शेवटी काच बसवली त्याला मात्र पाचपैकी पाच.

कारण त्याने न सांगता एक गोष्ट बरोबर केली. पहिला माणूस यू पट्टी जमिनीत स्क्रूने मारणार होता. म्हणजे ४८ तास पाणी भरून तपासलेल्या वॉटरप्रूफिंगला चार भोकं. याने खाली फक्त पातळ रबरी तुकड्यांवर काच उभी केली, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची रेघ ओढली, स्क्रू फक्त भिंतीत आणि वरच्या नळीला. एक दिवस अंघोळ बंद, सिलिकॉन वाळू द्या, एवढंच सांगून गेला. तेव्हापासून काच हललेली नाही.

साफसफाईचं खरं सांगायचं तर काच रोज काम मागते. आमच्याकडे अर्धं वर्ष महापालिकेचं पाणी आणि अर्धं वर्ष बोअर नि टँकर. टँकरच्या पाण्याचे थेंब काचेवर वाळले की पांढरे ठिपके उरतात, ते कॅल्शियम कार्बोनेट. अंघोळ झाल्यावर छोट्या वायपरने वरून खाली पाणी ओढायचं, अर्धा मिनिट लागतो. मुलगा विसरतो, दोन दिवसांत दिसतं. जुने डाग निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी पुसले की विरघळतात. व्हिनेगर संगमरवरावर किंवा कोटा दगडावर सांडू देऊ नका, तोही कॅल्शियम कार्बोनेटचाच, खरवडल्यासारखा होतो. काचेवरच्या लेपाचे दुकानदार वेगळे पैसे मागतात. आम्ही घेतला नाही, तो घासून घासून जातोच. नळ आणि शॉवर काळ्या रंगाचे फॅशनमध्ये आहेत, पण जड पाण्यात त्यांच्यावर प्रत्येक थेंब उठून दिसतो. क्रोम घ्या. यू पट्टी आणि नळी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची आहे असं बिलावर लिहून घ्या.

उणीव एकच म्हणावी अशी: थंडीत दार नसल्याने वाफ टिकत नाही आणि बाहेरची गार झुळूक पाठीला लागते. अंघोळीआधी खिडकीच्या काचपट्ट्या मिटवायच्या आणि नंतर लगेच उघडायच्या, असा आमचा नियम झाला आहे. बाहेर थोडे थेंब येतात, कमोडचं झाकण मात्र कोरडं राहतं.

खर्च: काच, पट्टी, नळी आणि बसवणी मिळून एकवीस हजार. दाराच्या क्युबिकलचा भाव दुपटीहून जास्त सांगितला होता. वाचलेले पैसे भराव उपसणं, वॉटरप्रूफिंग, चॅनल आणि इपॉक्सी ग्राउटमध्ये गेले. खालच्या कडेचं सिलिकॉन काही वर्षांनी पिवळं पडलं की खरवडून नव्याने भरावं लागेल, ते काम तासाभराचं. आणि टाइलची एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा. पुढच्या खेपेला तोच नमुना मिळाला तरी रंगाची छटा जुळत नाही.